टॅबची बॅटरी बदलू का नवीनच घेऊ? (मशीन शॉपमधला वापर, शिरोली एमआयडीसी)

शिरोलीचा_सेटर

राम राम मंडळी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीन शॉप आहे, फाउंड्रीची कास्टिंग घेऊन मशीनिंग करून देतो. लॉकडाऊनात पोरीच्या ऑनलाइन शाळेसाठी 10 इंची अँड्रॉइड टॅब घेतलेला, शाळा सुरू झाल्यावर तो शॉपमध्ये आणला आणि तेव्हापासून पार्टीची (गिऱ्हाइकाची) ड्रॉइंग त्याच्यावरच बघायची, ऑपरेटरला झूम करून दाखवायची, कास्टिंगला ब्लो होल (ओतताना गॅसनं पडलेलं भोक) निघालं की फोटो काढून तिथनंच फाउंड्रीच्या व्हॉट्सॲपला टाकायचा, असं सगळं चाललंय. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर माझा प्रश्न राहील बाजूला आणि कंपनीवरनंच भांडणं लागतील.

आता सकाळी 100 टक्के असतो, जेवणाच्या सुट्टीच्या आत 40 वर येतो आणि फोटोसाठी कॅमेरा उघडला की खटकन बंद. चार्जर लावून चालू केला की परत 35 दाखवतो. त्यामुळं सध्या दिवसभर मशीनशेजारी चार्जरलाच असतोय. अँड्रॉइड 11 आहे, त्याच्या पुढचं अपडेट काय आलेलं नाही. राजारामपुरीत एकानं बॅटरी बसवून 2800 सांगितले, नवीन बरा टॅब 18-20 हजाराच्या घरात जायलाय. भाऊ म्हणतोय नवीनच घे. मला वाटतंय स्क्रीन चांगली, टच चांगला, मग टाकायचा कशाला? तुम्ही असता तर काय केलं असतं?

रंकाळ्याचा_वारा

बॅटरी बदल भावा, विषय संपला. पीडीएफ बघायला आणि फोटो टाकायला 20 हजार कशाला घालवतोस, त्यात दोन चांगले कटर येतील. आमच्या घरात याच्यापेक्षा जुना टॅब बॅटरी बदलून आईच्या हातात दिलाय, दिवसभर कीर्तन चालू असतंय, कायबी होत नाही.

सोल्डरवाली_ताई

दादा, 35-40 टक्क्यांवर बंद पडतोय याचा अर्थ बॅटरीत काहीच उरलं नाही असा नाही. सेल जुना झाला की त्याचा आतला रेझिस्टन्स वाढतो. नुसती पीडीएफ बघताना करंट कमी लागतो तोवर चालतं, कॅमेरा उघडला की एकदम जास्त करंट ओढला जातो, व्होल्टेज खाली बसतं आणि टॅब स्वतःला वाचवायला बंद होतो. म्हातारा बैल सपाटीला चालतो पण चढाला बसतो, तसं. चार्जर लावला की तो भार चार्जर उचलतो म्हणून लगेच 35 दिसतात. हे सेटिंगनं किंवा रिसेट मारून सुधारत नाही, कुणी सांगितलं तरी वेळ घालवू नका.

दुसरं म्हणजे तुमच्याकडं बॅटरी मरायची दोन्ही कारणं एकत्र आलीत, उष्णता आणि सतत 100 टक्के. ॲपल त्यांच्या आयपॅडसाठी वापरायचं तापमान 0 ते 35 अंश सांगतं आणि 1000 पूर्ण सायकलनंतर (एक सायकल म्हणजे एक पूर्ण बॅटरीएवढा वापर) 80 टक्के क्षमता राहावी असं डिझाइन आहे म्हणतं. अँड्रॉइडवाल्यांचे सेल पण लिथियमचेच असतात, फार वेगळी गोष्ट नाही. आता एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली, व्हीएमसीच्या (मिलिंग मशीनच्या) पॅनेलशेजारी 35 अंश कुठं राहायलंय?

पण 2800 द्यायच्या आधी एक काम करा. टॅबचं कव्हर काढा आणि सरफेस प्लेटवर, म्हणजे मापं घ्यायच्या त्या एकदम सपाट पाटीवर, पालथा ठेवा. तुमच्याकडं ती असणारच, आम्हाला काच शोधावी लागते. डुलतोय का बघा, आणि स्क्रीन आणि फ्रेमच्या फटीत कुठं फरक पडलाय का तेही बघा.

मिसळ_जास्त_कट

सरफेस प्लेटवर टॅब 😂 आता फीलर गेज (फट मोजायची पातळ पट्टी) लावून रिपोर्ट पण टाक म्हणावं, पीडीआय (माल पाठवायच्या आधीची तपासणी) करूनच पाठव

शिरोलीचा_सेटर

ताई, लावला खरंच फीलर. टॅब डुलतोय. पाठ मधेच फुगलेली आहे आणि डाव्या बाजूला स्क्रीन फ्रेममधनं उचललीय, 0.5 मिमीचा फीलर सहज आत जातोय. रबरी कव्हर असल्यामुळं वरनं काय दिसत नव्हतं.

सोल्डरवाली_ताई

मग आता पहिल्यांदा चार्जर काढा, आणि परत लावू नका. सेल फुगलाय. आतलं इलेक्ट्रोलाइट तुटून गॅस झालेला असतो, तो सेलच्या बंद पिशवीतनं बाहेर पडत नाही म्हणून स्क्रीनला ढकलतोय. असा टॅब चार्जिंगला ठेवून रात्री शॉप बंद करून घरी जायचं म्हणजे आगीला आमंत्रण. स्क्रीन दाबून बसवू नका, टोचू नका, पोरांच्या हातात देऊ नका. डेटा काढायचा असेल तर आहे त्या चार्जवर पटकन काढा, मग बंद करून लोखंडी डब्यात वाळू घालून त्यात ठेवा. शिरोलीत फाउंड्र्यांमुळं वाळूला काय तोटा नाही.

आणि घंटागाडीत तर अजिबात टाकू नका, कचरा दाबताना सेल चिरडला की गाडीच पेटते. 2022 च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांप्रमाणं जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी बॅटरी बनवणाऱ्या-आणणाऱ्या कंपनीवर आहे, त्यामुळं सर्व्हिस सेंटरला न्या, किंवा अधिकृत ई-कचरावाल्याकडं द्या.

रंकाळ्याचा_वारा

फुगली असली तरी बॅटरीच बदलायची ना, नवीन टॅबचं काय मधेच? ताई तुम्हीच सांगा, बदलता येते का नाही?

सोल्डरवाली_ताई

येते की. पण स्क्रीन ग्लूनं चिकटवलेली असते, गरम करून उचलावी लागते आणि खाली फुगलेला सेल असताना गरम करायचं म्हणजे जपून करायचं काम. आधीच एका बाजूनं वाकलेली स्क्रीन काढताना तडकायची शक्यता जास्त, आणि स्क्रीन गेली तर 2800 चा हिशोब राहत नाही. बसवणारच असाल तर सेलवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) मार्क आणि बनवल्याची तारीख बघून घ्या. दुकानात तीन-चार वर्षं पडून असलेला "नवीन" सेल पण म्हाताराच असतो.

कळंब्याचा_कोडर

बॅटरीवर एवढी चर्चा झाली पण माझ्या मते खरा विषय अँड्रॉइड 11 चा आहे. गूगलनं त्याचे सिक्युरिटी पॅच (सुरक्षेतल्या फटी बुजवणारे अपडेट) 2024 च्या सुरुवातीलाच थांबवले. आजच्या घडीला क्रोमला अँड्रॉइड 10 किंवा पुढचं लागतं, म्हणजे तुझं चालतंय, व्हॉट्सॲप तर अजून बरंच जुनं पण चालवून घेतं. रंकाळेकरांच्या आईच्या कीर्तनाला यानं काय फरक पडत नाही, ते ठीकच आहे. पण तुझ्या टॅबवर पार्टीची ड्रॉइंग आहेत, मेल लॉगिन आहे, कदाचित त्यांचं सप्लायर पोर्टल पण तिथनंच उघडत असशील. ड्रॉइंगवर "कॉन्फिडेन्शियल" छापलेलं असतंय ते उगाच नाही. नवीन सेल घालून अजून तीन वर्षं हाच टॅब ओढलास तर तीन वर्षं पॅच नसलेल्या मशीनवर पार्टीचा माल ठेवणार. मी असतो तर नवीन घेतला असता, आणि घेताना रॅम-कॅमेऱ्याच्या आधी कंपनी किती वर्षं अपडेट देणार हे विचारलं असतं. दुकानदार ते आपणहून सांगत नाहीत.

मिसळ_जास्त_कट

आता सिरियस. मशीनशेजारी कायम चार्जरला चिकटून राहणार असेल तर टॅब पाहिजेच कशाला? जुना मॉनिटर आणि छोटा पीसी भिंतीला लाव, बॅटरीचा प्रश्नच नाही, कूलंटच्या बोटांनी टच पण करायला नको.

शिरोलीचा_सेटर

मॉनिटरचं पटलं, जुना पीसी ऑफिसमध्ये धूळ खातच पडलाय, तो मशीनजवळ लावतो ड्रॉइंगसाठी. पण फोटोला हातात काहीतरी पाहिजेच, कास्टिंग फिरवून फिरवून दाखवावी लागते तेव्हा फाउंड्रीवाला ब्लो होल मान्य करतोय. पोर्टल पण टॅबवरनंच उघडतो, ते कोडरभाऊ बरोबर बोलले. टॅब वाळूत गेलाय. नवीन बघतो, फक्त परत असंच होऊ नये म्हणून चार्जिंगचं काय करू?

सोल्डरवाली_ताई

80-85 टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असलेलाच घ्या. सॅमसंगच्या बऱ्याच टॅबमध्ये बॅटरी प्रोटेक्शन म्हणून असते, आयपॅडमध्ये 2024 पासूनच्या मॉडेलना 80 ची लिमिट आहे, तुम्ही घ्याल त्या मॉडेलला आहे का दुकानातच सेटिंग उघडून बघा. चार्जिंग ऑफिसमध्ये करा, मशीनवर नको. आणि ते जाड रबरी कव्हर महिन्यातनं एकदा काढून सरफेस प्लेटवर ठेवत जा.

मिसळ_जास्त_कट

कॅलिब्रेशन स्टिकर पण लाव, पुढची ड्यू डेट टाकून.