अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्याने ड्रग्जवर परत फौजदारी आणली ते योग्य झालं का?

बीव्हर्टनकर:
नोव्हेंबर २०२० ला ओरेगॉनच्या लोकांनी मेझर ११० हा, थोडे ड्रग्ज जवळ बाळगण्यावरची फौजदारी काढणारा कायदा मतदानाने पास केला. फेब्रुवारी २०२१ पासून एक ग्रॅमच्या आत हेरॉइन किंवा ४० च्या आत ऑक्सिकोडोनच्या (वेदनाशामक, पण नशेसाठीही घेतात त्या) गोळ्या सापडल्या तर अटक नाही, फक्त १०० डॉलरचं तिकीट, आणि हेल्पलाइनला फोन करून तब्येतीची चौकशी करून घेतली की तेही माफ. हेतू चांगला होता, पण बहुतेकांनी ना दंड भरला ना फोन केला. पोर्टलंडच्या डाउनटाउनला मॅक्स ट्रेनच्या स्टॉपवर भरदिवसा फॉइलखाली लायटर धरून फेंटॅनिलची (हेरॉइनपेक्षाही जहाल नशेची) निळी गोळी ओढणारी पोरं मी बघितलीयेत, पोलीस शेजारी उभे, पण तिकीट फाडण्यापलीकडे त्यांच्या हातात काही नाही. शेवटी हाउस बिल ४००२ आलं आणि १ सप्टेंबर २०२४ पासून जवळ बाळगणं परत गुन्हा झालं, ते योग्यच झालं. धाक असल्याशिवाय व्यसनी माणूस उपचाराला जात नाही.

मीनल_आर:
मला नाही पटत. फेंटॅनिल पश्चिम किनाऱ्यावर नेमकं त्याच वर्षांत पसरलं, कॅलिफोर्नियात असा कायदा नव्हता तरी तिथेही माणसं मेलीच ना? उपचारासाठी गांजाच्या टॅक्सचे पैसे मिळणार होते, ते संस्थांपर्यंत पोचायलाच वर्षाच्या वर गेलं. मी इमर्जन्सीत नर्स आहे. नार्कनचे, म्हणजे ओव्हरडोस उतरवणाऱ्या औषधाचे, नाकात दोन-दोन फवारे मारल्यावर पेशंट थरथरत, ओकत उठतो आणि पहिलं विचारतो, पोलीस आलेत का. आणि तुरुंगातून सुटल्यावरचे पहिले दोन आठवडे सगळ्यात धोक्याचे असतात, कारण शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस डोस मात्र जुनाच घेतो.

बीव्हर्टनकर:
ओव्हरडोससाठी ९११ ला फोन केला तर पझेशनची, म्हणजे ड्रग्ज जवळ बाळगल्याची केस लागत नाही, तो कायदा २०१६ पासून आहे आणि अजूनही आहे. आणि नव्या कायद्यात कोणी सरळ आत जात नाही हो, आधी १८ महिने प्रोबेशन, म्हणजे बाहेर राहून कोर्टाच्या अटी पाळायच्या, ते पाळलंच नाही आणि कोर्टाने रद्द केलं तर जास्तीत जास्त १८० दिवस. शिवाय विकणाऱ्यांवरची पकड घट्ट झाली ते कोणी बोलतच नाही. मधे कोर्टाच्या निकालांमुळे विक्रीचा गुन्हा लावायला माल विकायच्या बेताने बाळगलाय एवढं दाखवून भागत नव्हतं, आता भागतं.

मीनल_आर:
विकणारे म्हणजे कोण पण? स्वतःची तलफ भागवायला चार गोळ्या दुसऱ्याला देणारं पोरगंच बऱ्याचदा आधी सापडतं.

अनिकेत_हिल्सबरो:
दोघांनीही इमिग्रेशनची बाजू सोडलीय. इथे इंटेलमुळे आपली कितीतरी कुटुंबं आहेत, ग्रीन कार्डच्या रांगेत वर्षानुवर्षं, मुलं एच-४ वर, म्हणजे आईबापाच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर वाढलेली. फेडरल कायद्यात ड्रग्जचं कन्व्हिक्शन झालं की डिपोर्टेशन लागू शकतं, सूट फक्त एकदाच आणि ती पण स्वतःपुरत्या ३० ग्रॅमपर्यंतच्या गांजाला. म्हणजे राज्याच्या लेखी मिसडिमीनर (किरकोळ गुन्हा) असलेल्या एका निळ्या गोळीपायी तीन वर्षांचं असताना आलेलं पोरगं देशाबाहेर जाऊ शकतं. १०० डॉलरच्या तिकिटात हे नव्हतं. नव्या कायद्यात डिफ्लेक्शन आहे, म्हणजे उपचार पूर्ण केले तर केसच उभी राहत नाही, पण ते काउंटीच्या मर्जीवर ठेवलंय, आणि नियमही प्रत्येक काउंटी आपले आपण ठरवते. एका काउंटीत उपचार आणि शेजारच्या काउंटीत कोर्ट, तेवढ्याच मालासाठी?

बीव्हर्टनकर:
डिफ्लेक्शन सगळीकडे सक्तीचं करा, माझा विरोध नाही. पण पोलिसाने थांबवल्याशिवाय ते पोरगं डिफ्लेक्शनपर्यंत पोचणार कसं ते सांगा.

मीनल_आर:
आमच्याकडे रोज पोचतात, पोलिसाशिवाय. बुप्रेनॉर्फिन, म्हणजे तलफ कमी करणारं औषध, त्याच रात्री सुरू करता येतं, पण सकाळी डिस्चार्ज देताना पुढे पाठवायला क्लिनिकची वेळ मिळत नाही. तुरुंगाआधी तिथे पैसे घाला.