थ्येनमा-गोउथंग-यीन: काढा उकळण्याचा क्रम आणि बीपीच्या गोळ्या

जान्हवी
रुग्ण ७४ वर्षांचे, सिंगापूरला. जुना रक्तदाब, एमआरआयमध्ये मेंदूत बारीक बारीक इन्फार्क्ट (रक्त न पोचून मेलेले भाग), निदान व्हॅस्क्युलर डिमेन्शिया (मेंदूच्या रक्तपुरवठ्यातल्या बिघाडाने होणारा स्मृतिभ्रंश). टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) आणि क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी) चालू आहे. तिथल्या चिनी वैद्यांनी थ्येनमा-गोउथंग-यीन या चिनी काढ्याच्या पुड्या दिल्यात. सगळं एकत्र अर्धा तास उकळायचं ना? आणि गोळ्यांसोबत चालेल का?

काढेकर
एकत्र उकळू नका. या काढ्यात क्रमालाच महत्त्व आहे. १९५८च्या या पाठाचं रूढ प्रमाण साधारण असं: थ्येनमा (एक कंद) ९ ग्रॅम, गोउथंग (वेलीच्या आकड्या) १२, शीज्युएमिंग (समुद्री शिंपला) १८, छ्वान-न्यूशी (एक मूळ) १२, बाकीची सात द्रव्यं प्रत्येकी ९.

शिंपला कुटून आधी एकटाच २०-३० मिनिटं उकळा, कारण त्याचा अर्क पाण्यात लवकर उतरत नाही. बाकीची द्रव्यं तोवर अर्धा तास भिजत ठेवा, मग भिजवलेल्या पाण्यासकट त्यात घालून मंद आचेवर २० मिनिटं. गोउथंगच्या आकड्या मात्र शेवटच्या ५-१० मिनिटांतच. त्यातली रक्तदाब उतरवणारी अल्कलॉइडं जास्त उकळलं की नासतात, आणि नेमकी हीच चूक घरोघरी होते. भांडं मातीचं किंवा काचेचं घ्या, लोखंडी वा ॲल्युमिनियमचं नको.

दोन गोष्टी पुडीत तपासाच. मूळ पाठात फूशनला (सात द्रव्यांतलं एक, पाइनच्या मुळावरची बुरशी) सिंदुरी हिंगुळाचा लेप असतो, म्हणजे पाऱ्याचं संयुग. साधं, बिनलेपाचं फूशनच घ्या. आणि थ्येनमाचा कंद अखंड मिळाला तर एका टोकाला पोपटाच्या चोचीसारखा कोंब, दुसऱ्या टोकाला गोल बेंबीसारखी खूण हवी. महाग असल्याने त्यात भेसळ फार.

डॉ. स. कु.
गोळ्यांबद्दल. काढाही रक्तदाब उतरवतो, टेल्मिसार्टनही. आडवं असताना आणि उभं राहिल्यावर ३ मिनिटांनी बीपी मोजा. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर काढा थांबवून डॉक्टरांना कळवा. या आजारात मेंदूला रक्त कमी पडणं हेच मूळ दुखणं, त्यामुळे बीपी फार उतरवणंही घातकच.

पुराव्याचं म्हणाल तर जवळचा नातलग म्हणजे जपानचा चोतो-सान हा काढा. त्यातही गोउथंगच मुख्य. १९९७ साली १३९ रुग्णांवर १२ आठवड्यांच्या डबल-ब्लाइंड चाचणीत रोजच्या हालचाली आणि मानसिक लक्षणांत प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या नकली गोळीपेक्षा) सुधारणा दिसली. आशा वाटते, पण एवढ्यावर रक्तदाबाची गोळी सोडणं अजिबात नको. शिवाय चोतो-सानमध्ये ज्येष्ठमध असतो. तो पोटॅशियम घटवून बीपी चढवतो, म्हणून दोन्ही एकदम घेऊ नयेत.

जान्हवी
कोणी म्हणतं थ्येनमाच्या काढ्यात तानशन (एक चिनी मूळ) आणि करडईची फुलं टाका, रक्त मोकळं होतं. टाकू का?

काढेकर
नको. क्लोपिडोग्रेलवर रक्तस्राव वाढू शकतो, आणि वॉरफरिन (रक्त पातळ करणारी गोळी) असेल तर तानशनने आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचा आकडा) चढतो. करडईची फुलं (होंगह्वा) बूयांग-ह्वानवू-थांग या वेगळ्या काढ्यात असतात. त्यात ह्वांगछी (एक ताकद देणारं मूळ) मूळ पाठात १२० ग्रॅम, आणि तो अशक्तपणासह अंग लुळं पडलेल्यांसाठी. चेहरा लाल, चिडचिड, झोप नाही, नाडी तारेसारखी ताणलेली, अशा रुग्णाला तो द्यायचा नाही.

डॉ. स. कु.
एक राहिलं. थ्येनमाच्या काढ्यातली झ्रची (गार्डेनियाचं फळ) वर्षानुवर्षं घेतली तर आतड्यांच्या शिरा कडक होऊन चुना साचल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यातल्याच ह्वांगछिनने (एक मूळ; ह्वांगछी वेगळं) यकृत बिघडू शकतं. सुरू करण्याआधी आणि महिन्याने लिव्हर फंक्शन टेस्ट करा. पुड्यांची यादी न्यूरॉलॉजिस्टला आधी दाखवा, त्यांच्या होकारानंतरच काढा सुरू करा.