46 हजार पगारात विरार की पनवेल? भाड्याच्या घराबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी खेडची. लोट्याच्या एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट आहे. कंपनी अंधेरीला बदली देतेय. आता 29 हजार मिळतात, तिकडे हातात 46 पडतील. ऐकायला बरं वाटतं, पण इथे घरभाडं नाही, तांदूळ घरचा, नारळ-आमसुलं परसातली आणि आंघोळीचं पाणी बंबात पातेऱ्यावर, म्हणजे सुक्या पाल्यावर तापतं. तिकडे प्रत्येक गोष्टीला पाकीट उघडायचं.

खुद्द अंधेरीतलं वन बीएचकेचं भाडं ऐकून तो विषय तिथेच संपवला. विरारला 11 हजार भाडं, 50 हजार डिपॉझिट असं एका दलालाने सांगितलंय. पनवेलला तेवढंच घर साडेचौदाला. विरारहून अंधेरी एका गाडीत होतं, फक्त सकाळी त्या गाडीत चढायचं कसं ते चढणाऱ्यांनीच सांगावं. पनवेलहून अंधेरीला थेट लोकल आहेत पण मोजक्या, एरवी वडाळ्याला गाडी बदला.

तरी मन पनवेलकडे ओढतं, कारण नवऱ्याचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान खेडलाच राहणार. शनिवारी रात्री यायचं, सोमवारी दुकान उघडायला परत. कोकण रेल्वेच्या बहुतेक गाड्या पनवेलला थांबतात. विरारला यायचं म्हणजे उतरल्यावर पुन्हा एक प्रवास. आणि गणपती-शिमग्याला आपल्याला गावी जायचंय ते वेगळंच, 60 दिवस आधी आरक्षण उघडतं आणि चहा उकळेपर्यंत संपतं!

माझा हिशोब असा: सोनेतारण कर्जाचा हप्ता 6,500, सासू-सासऱ्यांना 5,000, किराणा-भाजी-दूध-गॅस 9,000 (मासळी यात नाही, ती धरली की सगळं कोसळतं), मुलगी चौथीत आहे तिची शाळा आणि रिक्षा 4,000, वीज-मोबाईल-पास वगैरे 3,500. विरारचं भाडं मिळवून 39 हजार होतात, सात उरतात. पनवेल धरलं तर साडेतीन. दुकानाचं उत्पन्न दुकानातच जिरतं, ते मी धरतच नाही. नवीन करप्रणालीत एवढ्या पगारावर आयकर बसत नाही, तेवढी चिंता मिटली. पण सुरुवातीलाच डिपॉझिट, एका महिन्याच्या भाड्याएवढी दलाली आणि टेम्पोभाडं मिळून 75 हजार तरी लागणार.

वर दलाल म्हणतो, ॲग्रीमेंटचे चार हजार वेगळे. मी गणित मांडलं: 11 महिन्यांचं एकूण भाडं आणि डिपॉझिटवर 10 टक्क्यांनी धरलेलं व्याज, यावर 0.25 टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सव्वातीनशेच्या आसपास. नोंदणी फी हजार. मग बाकीचे कुणाचे? घरमालक तर म्हणतो, नोंदणी कशाला, नोटरी करू. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे लेखी करार करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाचीच आहे ना? हे त्याला न भांडता कसं सांगायचं? शाळेला पत्त्याचा पुरावा लागेल, मला कच्चं काम नको.

सासऱ्यांचं म्हणणं, घाई कशाला, लालबागला आपल्या गावाच्या मंडळाची खोली आहे. ते गिरणीत होते तेव्हा तिथेच पाळीपाळीने झोपायचे, खानावळीत जेवायचे. पण बाबा, ती पुरुषांची खोली, सून तिथे कुठे राहणार? त्यामुळे दुसरा पर्याय असा की वर्षभर मी एकटीने पीजीत राहायचं आणि मुलगी खेडला ठेवायची. पैसे नक्की वाचतील. मुलीला अजून विचारलेलं नाही.

विरारला राहणाऱ्यांनी पाण्याचं खरं सांगा, टँकरचे पैसे भाड्यात धरतात की वेगळे? पनवेल-अंधेरी रोज करणाऱ्या बायका इथे असतील तर घरातून किती वाजता निघता आणि परत किती वाजता पोचता? आणि माझ्या हिशोबात काय राहिलंय?

महिनाअखेरीपर्यंत कंपनीला कळवायचं आहे. दलालांनी कृपया व्यनि (खाजगी निरोप) करू नये.