स्वागताचा सोहळा आणि दवाखान्यातील दुभाषी

उंबरठा :
विविध भाषा बोलणाऱ्या शहराने २० जूनला, म्हणजे जागतिक निर्वासित दिनी, गाण्यांचा आणि झेंड्यांचा मेळा भरवला की स्थलांतरित व निर्वासित यांच्याविषयीचे त्याचे कर्तव्य पार पडते, असे काल येथे एका सदस्याने लिहिले. ‘कर्तव्य पार पडते’ हे तीन शब्द मला रात्रभर खटकत राहिले. १९५१ चा निर्वासितविषयक करार ज्यांनी लिहिला, त्यांनी त्यात उत्सवाचे कलम घातले नाही. मजुरीचे काम, प्राथमिक शिक्षण, न्यायालयात दाद मागण्याची मुभा, प्रवासाची कागदपत्रे आणि जेथे जिवाला धोका आहे तेथे परत न धाडण्याची हमी, एवढे त्यांनी बारकाईने लिहिले. आज जगातील निम्म्याहून अधिक निर्वासित छावण्यांत नव्हे, तर शहरांत राहतात. आश्रय द्यायचा की नाही हे सरकार ठरवते, परंतु शाळेतील प्रवेश, वस्तीची नोंद आणि भाषेचे वर्ग हे शहराच्या हातात असते. तेथे जे शहर चुकते, त्याने मंच उभारून स्वतःचे कौतुक करून घेऊ नये.

वाटसरू :
मी स्वतः अकराव्या वर्षी निर्वासित म्हणून एका मोठ्या शहरात आलो, म्हणून हे वाचून राग आला. पहिली तीन वर्षे आमची त्या शहराशी जी काही गाठ पडली ती खिडकीपाशीच: आत कर्मचारी, बाहेर आम्ही, आणि दर वेळी आम्हीच काहीतरी मागणारे. मग एका मेळ्यात माझ्या आईने मंचावर उभे राहून आपल्या भाषेतले अंगाईगीत गायले आणि अनोळखी माणसे शांत बसून ते ऐकत राहिली. देश सोडल्यापासून आईला कोणाकडे काही न मागता लोकांसमोर ताठ उभी राहिलेली मी त्या दिवशी प्रथम पाहिली. ज्यांना जन्मतः नागरिकत्व मिळाले, त्यांना हा सोहळा पोकळ वाटणे सोपे आहे. आम्हाला कागद हवे होतेच, पण कागदाने मान मिळत नाही.

भाडेकरू :
तुम्ही दोघेही स्थलांतरित आणि निर्वासित यांची एकच मोट बांधता, हे मला मुळात मान्य नाही. कामासाठी स्वखुशीने आलेला आणि जीव वाचवून पळालेला यांची गरज वेगळी आहे. म्हणूनच २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी या दोन विषयांवर दोन स्वतंत्र जागतिक करारनामे केले. शिवाय आमच्यासारख्या भाडेकरूंकडे कोणी पाहतच नाही. माझ्या इमारतीतील मालकाने एका खोलीत नवागतांची तीन कुटुंबे ठेवली, तिघांकडून स्वतंत्र भाडे घेतले आणि मग त्या तिन्ही भाड्यांच्या बेरजेचा आकडा माझ्यासमोर ठेवला. मला घर सोडावे लागले. त्यानंतर त्याच गल्लीत विविधतेचा उत्सव साजरा करायला मला बोलावले गेले. मी गेलो नाही आणि त्याची मला लाज वाटत नाही.

उंबरठा :
भाडेकरू, मालकाने तुम्हाला लुबाडले आणि त्या तीन कुटुंबांना तुमच्याहून अधिक लुबाडले. त्यांना लेखी भाडेकरार मिळाला असता तर तुमचेही घर टिकले असते. आधार म्हणजे काय, हे कॅनडात दिसले. तेथे १९७९-८० मध्ये पाच किंवा अधिक नागरिकांचे गट एकत्र येऊन इंडोचायनातील (व्हिएतनाम, लाओस व कंबोडिया येथील) निर्वासित कुटुंबांच्या निवाऱ्याची व खर्चाची साधारण वर्षभराची जबाबदारी लेखी स्वीकारत होते. त्या दोन वर्षांत सुमारे ६०,००० माणसे तेथे वसली, आणि निर्वासितांसाठी केलेल्या कार्याबद्दल संयुक्त राष्ट्रांकडून दिला जाणारा १९८६ चा नान्सेन पुरस्कार कोणा एका व्यक्तीला नव्हे, तर कॅनडाच्या जनतेला मिळाला. दोन शब्दांतील फरकाविषयी मात्र तुमचे म्हणणे बरोबर आहे. मी ते सैलपणे वापरले.

परिचारिका :
वाटसरूंनी खिडकीचा उल्लेख केला, पण त्या खिडकीपाशी बोलत कोण होते, हे सांगितले नाही. मी वीस वर्षे रुग्णसेवेत आहे. आमच्याकडे दुभाषी नसे, म्हणून आईच्या गर्भाशयातील गाठीविषयी डॉक्टर काय म्हणतात ते नऊ वर्षांची मुलगी आईला सांगत असे. ‘शस्त्रक्रिया’ या शब्दाशी ती अडखळली, मग तिने तो गाळला आणि आईने होकारार्थी मान डोलावली. त्या होकाराला संमती कसे म्हणायचे? आईवडिलांनीही मुलांना या कामी पुढे करू नये, असे मला ठामपणे वाटते.

वाटसरू :
आईवडिलांनी पुढे करू नये, म्हणजे त्यांनी काय करावे? गप्प बसून दुखणे अंगावर काढावे? ते मूल मीच होतो. वडिलांच्या फुप्फुसांविषयी डॉक्टरांनी जे सांगितले, त्यातले अर्धेच मी घरी नेले, कारण उरलेले अर्धे माझ्या तोंडून बाहेर पडेना. ते गेल्यावर आईने विचारले, डॉक्टर नेमके काय म्हणाले होते? मी आजही तिला पूर्ण उत्तर दिलेले नाही. याचा दोष कृपा करून माझ्या आईवडिलांच्या माथी मारू नका.

परिचारिका :
ते वाक्य मी मागे घेते. मी दोष चुकीच्या ठिकाणी टाकला. परंतु मग मंचासाठी खर्च करणाऱ्या शहराला निदान दूरध्वनीवरचा दुभाषी नेमता येत नाही, हे तुम्हीही मान्य करा.

वाटसरू :
मान्य करतो, पण आईचे गाणे त्याच्या बदल्यात देणार नाही.

भाडेकरू :
दुभाषी नेमायचाच असेल, तर तो भाडेकरार वाचून दाखवायलाही असावा. त्या तीन कुटुंबांशी मला एकदाही बोलता आले नाही; मालक मात्र दोघांशीही बोलत होता.

उंबरठा :
मेळा बंद करावा असे माझ्या लिखाणातून ध्वनित झाले असेल, तर ते मी सुधारतो. वाटसरूंच्या आईसाठी मंच राहू द्यावा. पण ज्या वर्षी रुग्णालयात एकही मूल दुभाष्याचे काम करताना आढळेल, त्या वर्षी त्या मंचावर महापौरांचे भाषण होऊ नये, या मागणीवर मी ठाम आहे.