फोटो गिरवून डोळा तयार होतो का?

रंकाळाकाठ: रविवारी सकाळी कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर, तलावातल्या संध्यामठ या जुन्या दगडी वास्तूचं स्केच करत बसलोवतो. शेजारी एक कॉलेजचं पोरगं आलं, मोबाईलवर फोटो काढला, टॅबवर त्याच्यावरनंच रेघा ओढल्या आणि पाच मिनिटांत मोकळं. म्हणालं, काका, अचूकच पायजे तर एवढा वेळ कशाला घालवायचा? चित्र त्याचं बरोबर होतं, पण डोळा काय शिकला? माझं मत, शिकायच्या काळात गिरवणं बंदच पाहिजे. घरातला तांब्या घ्या आणि समोर बसा. तोंड गोल असतं हे माहीत असतं म्हणून आपण ते जास्तच उघडं काढतो, तांब्या टेबलावर टेकलाय हे माहीत असतं म्हणून बुडाला सरळ रेघ मारतो. दोन्ही चूक! दिसताना काठ चपटा लंबगोल दिसतो आणि बुडाची कड त्यापेक्षा जास्त वळलेली, कारण बूड नजरेच्या रेषेच्या आणखी खाली असतं. ही चूक मी तीन वर्षं करत होतो, गिरवून कधीच सापडली नसती.

गुजरीतला कारागीर: भावा, पटतंय, पण पोटाचं काय? मी गुजरीत, म्हणजे सराफ बाजारात, कोल्हापुरी साजाची, गळ्यातल्या सोन्याच्या दागिन्याची डिझाईनं काढतो. गिऱ्हाईक जुन्या साजाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकतं, संध्याकाळी कागद दाखवावा लागतो. मी गिरवतो आणि त्यात मला काही चूक वाटत न्हाई. आपल्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी, चित्रकार आणि सिनेमावाले, तर सिनेमाचा कॅमेराच स्वतः बनवला, मग आपण कॅमेऱ्याला का भ्यायचं?

चित्रकलेच्या बाई: दादा, बाबूरावांचा हात नाटकाचे पडदे रंगवून बसला होता, कॅमेरा नंतर आला. आणि आपले जुने चित्रकार आबालाल रहिमान याच रंकाळ्यावर, कोटितीर्थ तलावावर फिरून चित्रं करत होते. वस्तुचित्राला माझी मुलं मान खाली घालून कागदच बघत बसतात, समोरच्या बादलीकडे बघतच नाहीत. मग मी सांगते, हात पूर्ण ताणा, एक डोळा मिटा, पेन्सिलच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत बादलीची रुंदी धरा आणि तीच उंचीत किती वेळा बसते बघा. कोपर जरा वाकलं की माप गेलं. फोटोचं म्हणाल तर इथल्या न्यू पॅलेस राजवाड्यासमोर उभं राहून मोबाईल वर करा, मनोऱ्याच्या कडा वर आत झुकतात, ते गिरवलंत तर झुकलेला मनोराच शिकलात.

लाल माती: बाई, बादली हलत नाही म्हणून हे चालतं. मी तालमीत बसून पैलवान काढतो, पकड घेतली की दोन सेकंदांत पवित्रा बदलतो, तिथं अंगठा धरून कुठं मोजणार? मोजणाऱ्या पोरांची चित्रं बरोबर असतात पण ताठ असतात, माणूस त्यात नसतोच. कण्याची एक रेघ आणि भार कुठल्या पायावर, एवढं पकडलं की बास.

रंकाळाकाठ: भार कुठल्या पायावर हे कशावरनं कळतं पण? एका पायावर भार देऊन उभ्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतनं ओळंबा, म्हणजे वजन बांधलेला दोरा, सोडला तर तो त्याच पायाच्या घोट्यापाशी येतो. तुम्ही तो मनात सोडता, म्हणजे मोजताच की.

लाल माती: सोडतो, खरं आहे. पण तो वह्याच्या वह्या भरल्यावर आला, पहिल्या दिवशी नाही. नवीन पोराला आधी मोजायला लावलं की ते घाबरून खोडरबरच जास्त चालवतं, हे मी बघितलंय. आधी हात सुटू दे.

चित्रकलेच्या बाई: खोडरबर मीही देत नाही. चुकलेली रेघ तशीच ठेवायची, शेजारी दुसरी मारायची, म्हणजे कुठं किती चुकलं ते दिसतं. पण माप मात्र पहिल्याच दिवसापासून, यावर मी ठाम आहे.

गुजरीतला कारागीर: काल दुकान बंद केल्यावर साजातलं कासवाचं पान, म्हणजे कासवाच्या आकाराचं पदक, समोर ठेवून बसलो. चार वेळा पाय जाड आला. मग पाय काढायचा सोडला आणि पाय नि पाठ यांच्यामधली रिकामी तिकोनी जागा काढली, तर पाय आपोआप बरोबर बसला. फोटोत तिथं सोन्याची चमक पडली होती, ती फट मला कधी दिसलीच नव्हती. उद्या माशाचं पान घेतो. गिऱ्हाईकाचं काम मात्र फोटोवरनंच करणार, ते सोडायला जमणार न्हाई.