मदत हवी आहे: वाळूच्या लाटा आणि गोधडीचे टाके फोटोत सपाट का होतात?

नमस्कार मंडळी,

जैसलमेरहून आल्यापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. इथे फोटोग्राफीतले जाणकार आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. फोटो काढणं हा माझा निव्वळ हौसेचा मामला. कॅमेरा साधा डीएसएलआर, त्याच्यासोबत मिळालेली १८-५५ लेन्स, शिवाय एक ५० एमएम. बहुतेक वेळा अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर (म्हणजे लेन्सचं छिद्र मी ठरवते, शटरचा वेग कॅमेरा) काढते, फाइल जेपेग.

गडीसर तलाव, बडा बागेतल्या छत्र्या (राजघराण्याची स्मारकं), किल्ल्यातल्या गल्ल्या, हे सगळे फोटो मनासारखे आलेत. तिथला पिवळा दगडच असा आहे की उन्हं कलली की भिंती सोन्यासारख्या दिसतात. घोडं अडलं ते समला. जैसलमेरपासून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर हे वाळूचे धोरे (टेकड्या) आहेत. आम्ही दुपारी तीनच्या सुमारास पोचलो. पायाखाली वाऱ्याने उमटवलेल्या बारीक लाटा होत्या, हाताच्या पंजात दोन-तीन मावतील एवढ्या, आणि प्रत्येक लाटेच्या माथ्यावर जरा जाड, खोलगटात बारीक वाळू. डोळ्यांना हे लख्ख दिसत होतं. फोटोत मात्र मळकट करड्या रंगाचं मैदान आलंय. लाटा जवळजवळ गायब. दुसरं म्हणजे, एफ/१६ वर (बारीक छिद्र) काढलेल्या सगळ्या फोटोंत आभाळात डावीकडे वर त्याच जागी दोन-तीन धूसर ठिपके आहेत. तेच दृश्य एफ/४ वर (मोठं छिद्र) काढलं तर दिसत नाहीत. आणि १८-५५ ची झूम रिंग फिरवताना आता करकर आवाज येतो.

आता घरातलं. आई गोधड्या शिवते. जुन्या सुती साड्या, धोतरं, इरकलचे तुकडे असं साठवून ठेवते आणि नात्यात कुठे बाळ झालं की गोधडी तिकडे जाते. ती घराबाहेर पडण्याआधी नीट फोटो काढून ठेवायचे असं मी ठरवलंय, कारण एकदा वापरात आली, धुतली गेली की रंग उतरतातच. पण इथेही तेच दुखणं. गोधडीची सगळी शान तिच्या धावदोऱ्यात असते. टाका कापड खाली ओढतो आणि दोन ओळींच्या मधे फुगीर वळी तयार होते. तुमच्या हाताला ती कळते, माझ्या फोटोत नुसते रंगीत चौकोन दिसतात. हॉलमध्ये एलईडी ट्यूबखाली काढते तेव्हा रंग हिरवट येतो आणि कधीकधी फोटोत आडवे काळसर पट्टे उमटतात.

हिवाळ्यात पुन्हा तिकडे जायचा बेत आहे, या खेपेला जैसलमेरजवळच्याच खुहडीच्या धोऱ्यांवर. तेव्हा कृपया सांगा: दोन्ही ठिकाणी दोष उजेडाचा आहे की कॅमेऱ्याच्या सेटिंगचा? नवी लेन्स घ्यायची गरज आहे का? आणि ठिपक्यांचं काय करू?

प्रतिसाद

ताई, लेन्स अजिबात घेऊ नका. दोन्हीकडे अडचण उजेडाच्या दिशेची आहे. लाट दिसते ती तिच्या सावलीमुळे. तीन वाजता सूर्य अजून बऱ्यापैकी वर असतो, मग एवढ्याशा लाटेची सावली पडणार किती? सूर्य क्षितिजाला टेकायला आला की तीच लाट लांब सावली टाकते. शक्यतो सकाळ गाठा. डिसेंबरच्या अखेरीस तिकडे सूर्य साडेसातच्या आसपास उगवतो, म्हणजे फार लवकर उठायचीही गरज नाही. रात्रीच्या वाऱ्याने आदल्या दिवशीच्या पावलांचे, जीपचे माग बरेचसे पुसले गेलेले असतात. संध्याकाळी समला उंटांची आणि माणसांची एवढी गर्दी असते की कोरा धोरा मिळणं मुश्किल. खुहडी त्या मानाने शांत आहे, निवड उत्तम.

सूर्य पाठीशी घेऊन काढू नका. तो डाव्या किंवा उजव्या हाताला ठेवा, आणि उभ्याने न काढता गुडघ्यावर बसा. धोऱ्याची वाऱ्याकडची बाजू पसरट उताराची असते, पलीकडची तीसेक अंशांनी एकदम खाली उतरते. मधली जी धार आहे ना, तिच्या एका अंगाला ऊन आणि दुसऱ्या अंगाला सावली असं पकडा.

करडेपणाचं कारण वेगळं. कॅमेऱ्याचा मीटर समोरचं सगळं मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो. त्यामुळे उजळ वाळू तो काळवंडून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (फोटो मुद्दाम उजळ-गडद करायची सेटिंग) +०.७ ते +१ ठेवा आणि हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला आपटत नाही ना ते बघा. व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) ऑटोवर असेल तर तो सोनेरी छटा खाऊन टाकतो. डेलाइटवर टाका. जमल्यास जेपेगऐवजी रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) मध्ये काढा, नंतर सुधारायला वाव राहतो.

प्रतिसाद

वरच्या सगळ्याशी सहमत. ठिपक्यांबद्दल लिहितो. ही सेन्सरवरची (कॅमेऱ्यात ज्या पट्टीवर प्रतिमा उमटते तिच्यावरची) धूळ आहे. छिद्र बारीक केलं की तिची सावली टोकदार पडते, म्हणून एफ/१६ ला दिसते आणि एफ/४ ला विरघळून जाते. सेन्सरवर प्रतिमा उलटी पडते, त्यामुळे फोटोत डावीकडे वर असलेला कण समोरून सेन्सरकडे बघताना डावीकडे खाली शोधा. मेनूमधून सेन्सरपुढचा आरसा वर करून, बॅटरी पूर्ण भरलेली ठेवून, रबरी ब्लोअरने हवा मारा. तोंडाने फुंकर अजिबात नको, थुंकीचा कण बसला की धुळीपेक्षा वाईट. दाबलेल्या हवेचे डबेही नकोत, त्यातला द्रव सेन्सरवर उडू शकतो.

पुढच्या वेळी धोऱ्यावर लेन्स बदलूच नका. निघतानाच एक लावा आणि तिच्यावरच भागवा. कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून लेन्सपुरतं भोक पाडलं तरी पुष्कळ बचाव होतो.

करकरणारी रिंग मात्र आता फिरवू नका, कळकळीने सांगतोय. आत गेलेला कण दर फेरीला घासत असतो. ब्लोअर आणि मऊ ब्रशने खाच साफ करा, तरी आवाज राहिला तर दुरुस्तीला द्या.

प्रतिसाद

मी घरी क्रोशाकामाचे फोटो काढते, म्हणून गोधडीपुरतं सांगते. ट्यूब बंद करा. गोधडी खिडकीजवळ जमिनीवर पसरा, म्हणजे उजेड तिच्यावरून सरपटत जाईल आणि प्रत्येक वळीला सावली मिळेल. थेट ऊन नको. येत असेल तर पांढरा पातळ पडदा ओढा. खिडकीच्या समोरच्या बाजूने सावली फार गडद झाली तर थर्माकोलचा पांढरा तुकडा उभा करा, पण लांब ठेवा. जवळ आणला की टाके पुन्हा सपाट. ५० एमएम वापरा, एफ/८, ट्रायपॉड आणि दोन सेकंदांचा टायमर. पूर्ण गोधडीचा एक फोटो वरून, आणि कोपऱ्यातल्या टाक्यांचा एक अगदी जवळून, असे दोन्ही काढा.

पट्टे येतात ते दिव्याच्या लुकलुकण्याने. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. दिव्यात काढायचंच झालं तर शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा.

धागाकर्ती

तिघांचेही मनापासून आभार! आज सकाळीच बेडरूमच्या पूर्वेकडच्या खिडकीशी गोधडी पसरली, पडदा ओढला. इरकलच्या हिरव्या तुकड्यावरचा धावदोरा एकेक टाका मोजता येईल असा आलाय. आईने फोटो मोठा करून बघितला आणि एका ठिकाणी ओळ वाकडी गेलीय म्हणून लगेच उसवायला बसली.

ब्लोअर मागवलाय. झूम रिंग फिरवणं बंद केलंय. नाशिक किंवा पुण्यात कुणी अशी कॅमेऱ्यासोबत मिळणारी किट लेन्स उघडून साफ करून घेतली असेल तर साधारण खर्च किती आला ते लिहाल का? नव्या लेन्सच्या किमतीजवळ जात असेल तर विचार करावा लागेल.