शब्दचर्चा: विज्ञानाला 'श्रद्धा' लागते का?

आमच्या व्हॉट्सॲप कट्ट्यावर एकाने टाकलं, "निसर्गाचे नियम उद्याही असेच चालतील हे तुम्ही मानताच ना? मग तीही श्रद्धाच." मला उत्तर सुचेना. इथे 'श्रद्धा' शब्द चालेल का?

– माझ्या मते नाही. जोडीला येणारी क्रियापदं बघा. श्रद्धा बसते, जडते, कधी उडते. गृहीत मात्र 'धरतात', आणि धरलेलं सोडता येतं. शिवाय कुकरवर कोणी श्रद्धा ठेवत नाही. तीन शिट्ट्यांत डाळ शिजते, हा भरवसा. डाळ जुनी निघाली तर आणखी दोन शिट्ट्या काढतो, कुकर कोपला म्हणत नाही. इंग्रजी 'फेथ'मध्ये श्रद्धाही मावते आणि भरवसाही, त्यामुळे तिकडचा वाद मराठीत आणला की गडबड होते.

– पण नवस फळला नाही तर भक्त म्हणतो, आपलंच काही चुकलं. शास्त्रज्ञही तेच करतात की! युरेनसची चाल न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या गणितात बसेना, तेव्हा त्याला कोणी चुकीचं म्हटलं?

– फ्रेंच खगोलगणिती लव्हेरिएने तरी नाही म्हटलं. पलीकडून एखादा ग्रह युरेनसला ओढत असणार, असं धरून त्याने जागा काढून दिली. २३ सप्टेंबर १८४६ च्या रात्री बर्लिनच्या वेधशाळेत गाल्लेने दुर्बीण तिकडे वळवली, तर अंशभराच्या आत नेपच्यून! पुढची गंमत बुधाची. त्याच्या कक्षेच्या गणितात शतकाला ४३ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) फरक उरत होता. लव्हेरिएने पुन्हा तोच डाव टाकला: सूर्याजवळ आणखी एक ग्रह, 'व्हल्कन'. तो शोधण्यात लोकांची कैक वर्षं गेली. मिळाला नाही. भरवशाच्या म्हशीला टोणगा! शेवटी १९१५ साली आइन्स्टाइनच्या नव्या सिद्धांतात त्या ४३ विकला चोख बसल्या आणि तिथे न्यूटनला बाजूला सरावं लागलं.

– मान्य. पण 'उद्या' राहिलाच. कालपर्यंत नियम चालले म्हणून उद्याही चालतील, हे कशावरून? ह्यूम या तत्त्वज्ञाने अठराव्या शतकातच विचारलंय.

– तिथे हात टेकले. ते सिद्ध होत नाही, धरूनच चालावं लागतं. म्हणून शब्द 'गृहीतक'. त्याला हार घालत नाहीत, एवढं खरं.

– आणि 'विश्वास' कुठे बसवायचा?

– तो पानिपतात गेला ना!